सहाशे बारा चेहरे, चाळीस मिनिटं

फ्रेम परत आणलीत? — द्या इकडे, काच खाली करून ठेवू नका, चरा पडतो — सोमवारी एकदा आणली, गुरुवारी दुसरी प्रिंट करून दिली, आज शनिवार, आणि आज पुन्हा. करमसिंगभाऊ, एक गोष्ट पक्की समजून घ्या, फोटो तुमच्या आईचाच आहे. जमनाबाई रायसिंग पावरा, नंबर तीनशे सत्त्याऐंशी, दिवाळीनंतर तुमच्या पाड्यावर कार्डांचा कॅम्प झाला त्यातला. हा बघा, फाइलच्या नावातच नंबर आहे. माणूस चुकतो, नंबर चुकत नाही. सोमवारी तुमची मावशी काय म्हणाली होती? ही कोण बाई, असं म्हणाली होती. सख्ख्या बहिणीचा फोटो समोर धरलाय आणि म्हातारी विचारते ही कोण. मला वाटलं मोतीबिंदू असेल. मग तुम्ही म्हणालात गोंदण नाही तोंडावर. बरोबर, नव्हतं. गेलं होतं. मी वाद घातला का? नाही घातला. गुरुवारी गोंदण टाकून दिलं, कपाळावर, गालावर, हनुवटीवर, सगळीकडे, नवी प्रिंट काढली, फ्रेम तीच वापरली, एक पैसा मागितला नाही. आता काय म्हणते मावशी? — हं. — म्हणजे गोंदण आहे, पण हिचं नाही. मग कुणाचं आहे म्हणते? — कुणाचंच नाही. कुणाचंच नाही म्हणजे काय, गोंदण काय हवेत असतं?

उभे का, बसा ना. आमचे अप्पा तुम्हा लोकांना अरे-तुरे करतात, पहाडातून कुणी आलं की ‘काय रे, काय पाहिजे’ — वयानं मोठा असो, पांढऱ्या मिशा असोत, तरी काय रे. मी करत नाही. मी अहो म्हणतो. माझं त्यांच्याशी पहिलं भांडण त्यावरूनच झालं, विचारा कुणालाही शहाद्यात. तर बसा. रविवारी दिवस आहेत आईचे, उद्याच, माहीत आहे मला, सगळा पाडा जेवायला येणार, फोटो मधोमध लागणार आणि मावशी म्हणाली फोटो असा असेल तर मी ताटावर बसणार नाही. सगळं सांगितलंत तुम्ही गुरुवारी. मला कळतं. पण मला काय कळत नाही सांगू का? — तुमच्या मोबाइलात आईचा एक फोटो नाही? एकसुद्धा? सहा-सहा महिने बारडोलीकडे ऊस तोडायला जाता, फोनवर व्हिडिओ बघता, उसाचे फोटो आहेत, ट्रॅक्टरचे आहेत, मघाशी तुम्हीच दाखवलेत, आणि आईचा नाही. — काढू द्यायची नाही? मग कॅम्पात कशी काय बसली? — अच्छा. फोटो नाही तर कार्ड नाही म्हटल्यावर बसली. म्हणजे अख्ख्या आयुष्यात एकदाच कॅमेऱ्यासमोर बसली, आणि ती माझ्यासमोर.

तर ऐका, काय झालं ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हीच मावशीला समजावून सांगाल. सहाशे बारा चेहरे होते त्या कॅम्पात. सहाशे बारा. ठेकेदारानं शुक्रवारी ऑर्डर दिली आणि सोमवारी सकाळी कार्डं छापायला जाणार होती. प्रत्येक फोटोला काय लागतं? डोकं मधोमध आणायचं, बाजूचं कापायचं, मागे निळा पडदा टाकायचा — तुमच्या इथं मागे काय होतं, शेण सारवलेली भिंत आणि एक बकरी — उजेड वाढवायचा, चेहरा साफ करायचा, साइज करायची, नंबर टाकून सेव्ह. अप्पा हे एकेक करतात. एका फोटोला दहा मिनिटं, मध्ये चहा, मध्ये तंबाखू, मध्ये समोरच्या टेलरशी गप्पा. गुणाकार करा, पंधरा दिवस गेले असते. मी काय केलं? एका फोटोवर सगळं एकदाच करून दाखवलं आणि कॉम्प्युटरला म्हटलं, लक्षात ठेव. याला ॲक्शन म्हणतात. मग सहाशे अकरा फोटोंचं फोल्डर त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, आता सगळ्यांना हेच कर. एक बटण. चहा प्यायला गेलो, परत आलो तर काम तमाम. चाळीस मिनिटं. अप्पांनी तीस वर्षं मान मोडून काम केलं आणि त्यांच्या पोरानं चाळीस मिनिटांत — असो. शाबासकी मिळाली असेल असं वाटतं तुम्हाला? मागे उभं राहून म्हणतात, “एक बी तोंड पाह्यं का रे तू? मशीनले काय डोया शेतस?”

मशीनला डोळे आहेत का. हे कोण विचारतंय, तर ज्यानं तीस वर्षं तालुक्यातला एकही माणूस त्याच्या खऱ्या रंगाचा ठेवला नाही तो. तो खिळ्यावर टांगलेला कोट दिसतो का? एक कोट, एक टाय. लग्नाळू पोरं त्या एकाच कोटात उभी राहिली, बापानंतर पोरगा, त्याच कोटात. आरशाजवळ पावडरचा डबा. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल घासून माणसं गोरी करायचे, मग कॉम्प्युटर आला तर माउस घासून गोरी करायला लागले. माझं बालपण ‘अजून उजळ कर’ हे ऐकण्यात गेलं. म्हणजे मी काही वेगळं केलं नाही, करमसिंगभाऊ. त्यांचंच काम केलं, फक्त वेगानं केलं. तो वेग यांना खुपतो. मी धुळ्याला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हाही हेच, सोडलं का, सोडलं का — सोडलं कारण मास्तर वहीतून वाचून दाखवायचा, वाचता मलाही येतं. चार विषय राहिले ती गोष्ट वेगळी. त्यातला एक तर ड्रॉइंग होता, वस्तू समोर ठेवायची आणि तीन बाजूंनी काढायची, कुणाला वेळ आहे.

हां, तर गोंदण. चेहरा साफ करायचा एक जोडलेला प्रोग्रॅम आहे, त्यात एक पट्टी सरकवायची असते, शून्य ते शंभर. जितकी सरकवली तितके डाग तो काढतो — पुटकुळी, वांग, जळल्याचा डाग. मी शंभरावर नेली. त्याला काय माहीत कुठला ठिपका आईनं लेकीला जत्रेत बसवून काढून घेतलाय आणि कुठला माशीनं केलाय? काळपट-हिरवं काही दिसलं की साफ. त्यात त्याची काय चूक? आणि माझी तरी काय? पहिली तक्रार तुमचीच आहे. दिवाळीपासून इतके महिने झाले, सहाशे बारा कार्डं वाटली, एका माणसानं ब्र काढला नाही. कार्डावर फोटो एवढासा, नखाएवढा, कोण बघतंय. तुम्ही मोठा करून मागितलात म्हणून दिसलं. — त्या खालच्या पाड्यावरच्या दोघी आल्या होत्या, त्यांनाही मी हेच सांगितलं.

नाही, म्हणजे तक्रार अशी नाही. आल्या होत्या नुसत्या. कचेरीत कार्ड दाखवलं तर खिडकीतला बाबू म्हणाला, ही तू नव्हेस. आता बाबूनं त्यांच्याकडे वर मान करून बघितलं हेच नवल. त्याचं खापर माझ्यावर फोडायला आल्या. मी म्हटलं, बाई, कार्डवाल्याकडे जा.

मूळ फोटो? — हां, मूळ फोटो. म्हणजे न धुतलेला, बकरीसकट. तो — ते सगळं ठेकेदाराकडे गेलं. हार्ड डिस्कमध्ये घालून दिलं. — फोन लावला होतात त्याला? कधी? — काल. बरं. त्यानं काय सांगितलं? — स्टुडिओवाल्याकडेच आहे म्हणाला. हं. आता तुम्ही असे बघत बसणार असाल तर सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. बटण दाबायच्या आधी कॉम्प्युटर एकच विचारतो, तयार झालेले फोटो नव्या फोल्डरमध्ये ठेवू की जिथून उचलले तिथेच ठेवू? मी म्हटलं, तिथेच. घाई होती. तिथेच ठेव म्हटलं की तो जुन्याच्या जागी नवा बसवतो आणि जुना जातो. कॅमेऱ्याच्या कार्डात होते, तर ते कार्ड त्याच संध्याकाळी रिकामं केलं, रनाळ्याला हळद होती, दुसरं कार्ड अप्पांच्या कॅमेऱ्यात होतं. तर नाहीत. कुठेच नाहीत. एकाचाही नाही. अप्पांना माहीत नाही हे, आणि त्यांना सांगायचं कारणही नाही, ते लग्नाला गेलेत, संध्याकाळी येतील. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं — “बाईना तोंडवर गोंदेल दिसनं ते हात लावू नको” — पण ते कसं सांगतात माहीत आहे का? पंखा बंद कर, चप्पल बाहेर काढ, गोंदणाला हात लावू नको, भाव कमी करू नको, सगळं एकाच सुरात. दिवसभर तोच रेडिओ. त्यातलं कुठलं वाक्य ऐकायचं हे माणसानं कसं ओळखावं? कारण सांगितलं असतं तर ऐकलं असतं. कारण मला मागच्या आठवड्यात कळलं, तेही त्या टेलरकडून. अप्पा नवे होते तेव्हा धडगावकडच्या एका बाईचं गोंदण त्यांनी पेन्सिलीनं घालवलं होतं, गोरी दिसावी म्हणून. तिच्या घरची नऊ माणसं येऊन स्टुडिओच्या दारात दिवसभर बसली. ओरडली नाहीत, काही नाही, नुसती बसली. मेल्यावर देव विचारतो अंगावर काय आणलंस, तेव्हा दाखवायला एवढंच असतं, दागिने इथेच उतरवून घेतात, असं त्यातला एक म्हातारा म्हणाला. शेवटी अप्पांनी त्या बाईला पुन्हा बसवून दुसरा फोटो काढून दिला, फुकट. पण ती बाई जिवंत होती. त्यांची चूक दुरुस्त होण्यासारखी होती, सुटले. मला मात्र —

असो. मी दुरुस्त केलंच ना पण? गुरुवारी. गोंदण घातलं का नाही? आता तुम्ही विचाराल कुठून घातलं. सांगतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे. तोरणमाळला मी गेल्या महिन्यात लग्नाआधीचं शूटिंग केलं, ब्राह्मणपुरीची पार्टी, केळीवाले, पोरगी म्हणाली मला आदिवासी लूक पाहिजे. तलावाच्या काठावर, चांदीचे दागिने भाड्यानं आणलेले, हातात टोपली, आणि मेकअपवाल्या बाईनं काजळाच्या पेन्सिलीनं तोंडावर ठिपके काढले. छान आले होते ठिपके. एकसारखे. मी तेच उचलले, रंग जरा हिरवा केला, आणि त्याचीच एक ॲक्शन करून ठेवली. नाव दिलंय तिला, हे बघा — ‘गोंदण’. आता कुठलीही बाई तक्रार घेऊन आली की फोल्डर उघडा, बटण दाबा, कपाळावर तीन, गालावर एक, हनुवटीवर पाच. अकरा जणींना दिलं असं. अकरा जणी आल्या, अकरा जणींना तीन, एक, पाच. दहा जणी घेऊन गेल्या, काही बोलल्या नाहीत —

हो, अकरा. पहिली तक्रार तुमची म्हणालो ते फ्रेमची. फ्रेमची पहिली.

असं बघू नका. तुम्ही मला मारलंत तरी चालेल, पण असं बघू नका. मला वाटलं गोंदण म्हणजे गोंदण. कुंकवासारखं, सगळ्यांना एकच. आम्हाला शाळेत कुणी शिकवलं का? तुमच्याकडे कुणाच्या कपाळावर काय असतं आणि कुणाच्या नसतं, हे आमच्या एका तरी माणसानं — तीस वर्षं तुमची तोंडं कॅमेऱ्यातून बघताहेत अप्पा, त्यांना ठाऊक असेल, पण त्यांनी कधी धड सांगितलं? हात लावू नको. झालं. आमच्या मोठ्या माणसांना शहाणपण सुद्धा धमकीसारखंच देता येतं.

बरं, कामाचं बोलू. उद्या रविवार. प्रिंट संध्याकाळपर्यंत व्हायला पाहिजे. तुम्ही सांगा, कुठे कुठे होतं, मी टाकतो. एकेक टाकतो, हातानं. हा मोठा केला चेहरा. कपाळावर किती? — नक्की? दोन की तीन? — भुवयांच्या मध्ये की वर? — अहो बोला ना. — हनुवटीवर? — आडवी ओळ की उभी? करमसिंगभाऊ, तुमची आई आहे. चाळीस वर्षं बघितलंत तोंड. — आठवतं पण सांगता येत नाही, हे काय उत्तर झालं? डोळे मिटले की दिसतं आणि इथं बघितलं की जातं? — हं. या पडद्यावर तोंडच तिचं राहिलं नाही म्हणता, मग ठिपका कुठे ठेवायचा. बरोबर आहे. गालही मी गुळगुळीत केलेत. गालावर काय सुरकुत्या असतील त्यांच्या आधारानं तुम्हाला जागा माहीत होती, त्या मी शंभरावर नेल्या.

मग कोणाला माहीत असेल? तुमचे वडील तर — नाहीत. बहीण? — तिला सासरी जाऊन — बरं. मावशी. मावशीलाच माहीत, तीच तर नापास करतेय मला दर खेपेला. तिला विचारून यायचं ना. मीटरच्या पट्टीनं मोजून यायचं. — काय? — दोघींचं एकच आहे? — थांबा, नीट सांगा. दोघी बहिणी लहान असताना एकाच होळीच्या बाजारात, एकाच गोंदणारणीसमोर, एक उठली की दुसरी बसली. म्हणजे जे आईच्या तोंडावर तेच मावशीच्या तोंडावर. हे तुम्ही मला सोमवारी का नाही सांगितलं? — मी बोलू दिलं नाही. बरं. तेही खरं असेल. मग प्रश्नच मिटला, मावशीचा एक फोटो काढतो, ठिपके तिचे उचलतो, आईवर ठेवतो, माप जमवतो, अर्ध्या तासात — तिला घेऊन या. कुठे आहे, पाड्यावर? — बाहेर? बाहेर म्हणजे कुठे, पायरीवर? मघापासून? अहो उन्हात का बसवलीत, आत आणा, मी काय —

येत नाही? का येत नाही? — फोटो काढायचा नाही म्हणते. एकदा काढला तेवढा पुरे. — तिचाही कॅम्पातलाच? तिचं पण कार्ड? म्हणजे ती पण सहाशे बारांत. नंबर किती? — बघतो. तीनशे अठ्ठ्याऐंशी. आईच्या मागेच बसली होती की. हा बघा, हाच ना चेहरा. — हो, दिसतंय मला, हाही धुतलेला आहे. निळा पडदा, गुळगुळीत गाल. शेजारी शेजारी ठेवले तर दोघी — थांबा. दोघी एकच दिसतात. कुठली कोण हे मलाच नंबर वाचून सांगावं लागेल.

काय म्हणते ती बाहेरून? — माझ्या भाषेत सांगा, पावरीतलं मला अर्धंच कळतं. — फोटो नाही, बघायचं असेल तर बाहेर येऊन बघ. बघायचं म्हणजे? नुसतं? कॅमेऱ्याशिवाय? अहो मला लक्षात कसं राहणार, कुठला ठिपका कुठे, किती अंतर — परत यायचं आत, एक ठेवायचा, परत जायचं बाहेर बघायला, परत आत? अशानं रात्र होईल. अप्पा येतील. गिऱ्हाइकं आहेत — हो भाऊ, काय पाहिजे, पासपोर्ट? आत्ता नाही, नंतर या. संध्याकाळी. नाही, लाइट आहे, मशीन चालू आहे, तरी नंतर या. — चला. कागद घेतो एक. पेन्सिल कुठे ठेवतात अप्पा, या कोटाच्या खिशात असते — हं.

राम राम मावशी. मी दिनेश, स्टुडिओचा. — सांगा त्यांना, वर बघा म्हणावं जरा. उजेडाकडे. नाही, पदर नको, पदर मागे. — दोन आहेत. भुवयांच्या मध्ये नाहीत, जरा वर, आणि सरळ नाहीत, एक खाली कललाय. लहान असताना हलल्या असतील. हनुवटीवर — तीन, चार — चौथा पुसट आहे. करमसिंगभाऊ, हा पुसटही ठेवायचा ना? आईचा पण पुसट होता? विचारा. — आणि हा डोळ्याच्या कडेचा, हा गोंदणाचा की तीळ? दिसायला दोन्ही सारखेच, मी तरी कसं ओळखणार, त्या प्रोग्रॅमला कळत नाही असं मी मघाशी म्हटलं पण आता बघा, मला स्वतःलाच, आणि समजा तीळ असला तर तो आईला नसणार, आणि मी जर तो टाकला तर उद्या परत — काय म्हणतात त्या? — काय? — माझ्याकडे बघून म्हणाल्या ना काहीतरी, सांगा की.

— तोंड मिट, म्हणजे दिसेल?

बरं.